रिकाम्या रायफलचा आवाज

८ जून

बाबा, नमस्कार.

सुखरूप पोचले आणि खोलीही मिळाली. दुसरा मजला, जिन्याला लागून. एक खिडकी, एक कॉट, एक टेबल, भिंतीत कपाट. कपाटाचं दार मिटत नव्हतं, म्हणून तुम्ही बांधून दिलेल्या चिंध्यांतली एक घेतली, तिची घडी केली आणि फटीत बसवली. घरमालकीणबाई बघत होत्या. म्हणाल्या, "वडील शिंपी का गं?" मी विचारलं, कसं ओळखलंत? तर म्हणे, "दुसरी कुणी असती तर कागद कोंबला असता. घडी कोण घालत बसतंय!"

कामावर रुजू झाले. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या नावापुढे पदवी लागली, आणि आता हुद्दाही लागला: कारखाने निरीक्षक. त्याच्या आधी 'प्रशिक्षणार्थी' असा एक शब्द आहे, तो तुम्ही गिऱ्हाइकांना सांगू नका. मला आवाज मोजायचं यंत्र दिलं आहे. ते घेऊन कापडगिरण्यांत फिरायचं, कुठे आवाज कानाला सोसण्यापलीकडे जातो ते नोंदवायचं, आणि तिथल्या माणसांना कानात घालायचे बोळे मिळतात की नाही ते बघायचं. कायद्यात सगळं आहे, बाबा. फक्त ते कागदावरून उठून माणसापर्यंत आलेलं नाही. ते आणणं हे माझं काम, असं मी धरून चालले आहे. एका मॅनेजरनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं, "ताई, नव्या आहात. इथे येत राहिलात की तुम्हालाही ऐकू येईनासं होईल, मग तक्रारच उरणार नाही."

त्याच गिरणीत एक म्हातारा फिटर आहे. कान पार गेलेले. पण मशीनच्या पोटात कुठे खरखरतंय ते ऐकायचं असलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवतो, मूठ जबड्याच्या हाडावर दाबतो आणि डोळे मिटतो. मला म्हणाला, "कान गेले बाई, पण हाडं अजून ऐकतात." मला फार गंमत वाटली, म्हणून तुम्हाला लिहिली.

रायफल कपाटात आहे ना? नेमबाजीच्या सरांनी क्लबातली ती जुनी रायफल मला दिली तेव्हा मी लहान होते, म्हणून परवाना तुमच्या नावावर आहे. माझा परवाना आल्याशिवाय मला ती इथे आणता येणार नाही. अर्ज केला आहे. निवड चाचणी नोव्हेंबरात आहे, तोवर येईल असं म्हणतात. दर रविवारी तेवढं तेलाचं फडकं फिरवा. गोळ्या सरांकडे क्लबात आहेत, त्यामुळे काळजीचं काही नाही.

संध्याकाळी सहा वाजले की माझे हात आपोआप उचलले जातात. समोर रायफलच्या नळीवर बटण ठेवायला तुम्ही नसता. मी सरावाला रिकामा खटका ओढायचा, तुम्ही बटणाकडे बघायचं, पडलं की "उसवलं!" आणि नाही पडलं की "शिवलं!" काल भिंतीकडे नेम धरल्यासारखे हात करून बसले होते, तेवढ्यात घरमालकीणबाई आल्या. आता त्या माझ्याशी जरा जपून बोलतात.

कानातलं यंत्र घालत जा. फोन करता आला असता.

तुमची मुलगी


१९ जून

चि. इन्स्पेक्टरबाईंना आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, त्यांनी हातानं 'कशी आहे?' असं विचारलं, तर पत्रच त्यांच्या हातात दिलं. पाटीवर लिहायचा त्यांना कंटाळा. गिऱ्हाइकं मात्र पाटीवर बरोबर लिहितात. फायदा असा की भांडत कुणी नाही. खडू घेऊन भांडायला लागणारा धीर हल्ली माणसांत राहिलेला नाही.

यंत्र बटणांच्या डब्यात आहे. घातलं की कानात कुणीतरी पातेलं घासतंय असं वाटतं. त्यापेक्षा आहे ते बरं. तुझ्या फिटरची गोष्ट आवडली. माणूस हुशार दिसतो.

रायफल पुसली. परवानाही बरोबर ठेवला आहे.

एक विचारायचं होतं. रिकाम्या रायफलचा खटका ओढला तर ती बिघडते का? एक म्हातारं गिऱ्हाईक विचारत होतं. त्याच्याकडेही अशीच जुनी आहे म्हणे. मी म्हटलं, माझी मुलगी यातली जाणकार आहे, विचारून सांगतो. सवडीनं कळव. तशी घाई नाही, पण लवकर कळव.

जेवण वेळेवर करतो.

बाबा


२६ जून

बाबा, नमस्कार.

हे म्हातारं गिऱ्हाईक कोण? आपल्या रायफलला हात लावू दिला नाहीत ना? परवाना ज्याच्या नावावर त्याच्याशिवाय कुणीही तिला हात लावायचा नाही. ओळखीचा असला तरी नाही.

आता उत्तर. बिघडते की नाही, ते रायफल कुठली यावर आहे. मोठ्या रायफलमध्ये आतली पिन गोळीच्या बुडाला मधोमध ठोका मारते. गोळी नसली तर तिथे पोकळीच असते, पिन कशावर आपटत नाही. त्यामुळे तशा रायफली रिकाम्या ओढल्या तरी बहुतेक काही होत नाही, सराव करणारे तर रोज ओढतात. आपली छोटी आहे, आणि जुनी. तिची पिन गोळीच्या कडेवर ठोका मारते. गोळी नसली की त्या कडेच्या जागी असतं नळीचं पोलाद. पिन थेट त्यावर आपटते. एकदोनदा ओढल्यानं आभाळ कोसळत नाही. पण रोज ओढत राहिलं तर पिनेचं टोक बोथट होतं, पोलादाला खड्डा पडतो, आणि मग एखाद्या दिवशी, तोही नेमका स्पर्धेच्या, गोळी उडतच नाही. नव्या रायफलींत काही कंपन्या पिन आखूड ठेवतात, म्हणजे ती तिथपर्यंत पोचत नाही. आपली त्यांतली नाही.

म्हणून तर मी सरावाला आत उडालेल्या गोळीची पुंगळी घालायचे. पिनेचा ठोका पितळेवर पडतो, पितळ मऊ असतं, ते दबतं आणि पोलाद वाचतं. तुमचं लक्ष बटणावर असायचं, तुम्ही कधी पाहिलं नसेल. प्रत्येक खटक्यानंतर पुंगळी किंचित फिरवायची, कारण एकाच जागी ठोका पडत राहिला की तिथे खड्डा होतो आणि मग पुंगळी असून नसल्यासारखी. कडेला सगळीकडे ठोके पडले की ती टाकून दुसरी घ्यायची. आणि हे सगळं करायच्या आधी, दर वेळी, बोल्ट उघडून नळीत बोट घालून बघायचं की आत जिवंत गोळी नाही. माहीत असलं तरी बघायचं. नळी भिंतीकडेच. त्या आजोबांना हे नीट समजावून सांगा. नाहीतर मीच त्यांना पत्र लिहिते, पत्ता कळवा.

इथे मी अजून कुणाशी फारशी बोललेली नाही. दिवसभर आवाज मोजते आणि खोलीवर आले की एक शब्द ऐकू येत नाही. यंत्र चुकून पिशवीत राहिलं होतं, ते खोलीत लावून बघितलं. काटा जागचा हलेना. मीच मोठ्यानं माझं नाव घेतलं, तेव्हा हलला.

तुमची मुलगी


७ जुलै

चि. इन्स्पेक्टरबाईंना आशीर्वाद.

गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं. पत्ता कशाला हवा, ते इथेच असतं. पुंगळी फिरवायची म्हटल्यावर त्याला लगेच पटलं. म्हणे, टीप मारताना आपण कापड पुढे सरकवतो तसंच झालं की. एका भोकात दोनदा सुई घालणारा शिंपी कसला!

पुंगळ्या तू कुठे ठेवतेस? त्याला दाखवायला एखादी पाहिजे होती. सापडली, तुझ्या टेबलाच्या खणात, पत्र्याच्या डबीत. लिहीपर्यंत सापडली म्हणून आता विचारायची गरज नाही.

काम कमी आहे. तयार कपडे घेतात लोक. येतात ते बाही आखूड करायला नाहीतर कंबर सैल करायला. मी त्यांना पाटीवर लिहून दाखवतो, 'कंबर सैल करतो, पण तोंड आवरा.' हसतात. हसताना दिसतं, म्हणून मलाही हसल्यासारखं होतं.

खोलीत स्वतःचं नाव घेत बसू नकोस. माणसं जोड. घरमालकीणबाईंना फटीतली चिंधी बदलून दे, रंगीत दे.

बाबा


३० जुलै

बाबा, नमस्कार.

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. बरे आहात ना? इथे गिरणीत माझ्या अहवालावरून बोळे वाटले. कामगार ते बाहेर येऊन सिगारेटच्या पाकिटात ठेवतात. विचारलं तर म्हणाले, घातले की एकटं वाटतं. अहवालात 'एकटं वाटतं' हे कुठे लिहायचं ते मला कळेना. रकाना नाही.

एक ओळ तरी लिहा.

तुमची मुलगी


१२ ऑगस्ट

चि. इन्स्पेक्टरबाईंना आशीर्वाद.

बरा आहे. शाळांचे गणवेश आले होते, हात रिकामा नव्हता. काळजी करू नकोस. तू सांगितलंस ते सगळं नीट पाळतो, फडकंसुद्धा.

बाबा


१ सप्टेंबर

बाबा, नमस्कार.

हे पत्र लिहिताना मला कसं मांडावं ते सुचत नाही, म्हणून सरळ लिहिते.

काल वरच्या काकूंचा फोन आला होता. गेला महिनाभर रोज संध्याकाळी त्या जिन्यावरून जाताना बघतात, तुम्ही दिवा न लावता बसलेले असता. हातात रायफल असते. दस्ता गालाशी धरलेला, डोळे मिटलेले. त्यांनी दार वाजवलं, मग खिडकीतून हात हलवला. तुम्ही बघितलं नाहीत. काकू म्हणाल्या, "तुझ्या बाबांचं चित्त ठिकाणावर नाही गं. शाळांचे गणवेश कुठले, महिन्यात दुकानाच्या दारात चार माणसं दिसली नाहीत." गणवेशांचं तुम्ही मला का खोटं लिहिलंत?

घरात गोळी नाही हे मला माहीत आहे. ते मी स्वतःला रात्रीपासून सांगतेय. पण आई गेल्यावर तुम्ही असेच दिवा न लावता बसायचात, तेही मला आठवतं. तेव्हा हातात काही नसायचं. आणि 'म्हातारं गिऱ्हाईक' कोण ते मला आता कळलं आहे. एवढं कळायला इतका वेळ लागावा याचा रागही येतो.

मी सरांना फोन केला आहे. ते रायफल क्लबाच्या कपाटात नेऊन ठेवतील. नियमाप्रमाणेही ती तिथेच असलेली बरी. सर येतील तेव्हा त्यांना परत पाठवू नका. तुम्ही रागावलात तरी चालेल. मला सुटी मिळाली की मी येते. आत्ता पंधरवडाभर तपासण्या आहेत, कुणीच सोडत नाही.

दिवा लावत जा, बाबा. मला लिहा. खरं लिहा.

तुमची मुलगी


९ सप्टेंबर

चि. मुलीस आशीर्वाद.

सर आले होते. रायफल नेली. मी सही दिली. चहा टाकतो म्हटलं, पण ते थांबले नाहीत.

मी ठीक आहे. दिवा लावतो.

समोरच्या भिंतीवर आपण तो काळा ठिपका काढला होता नेमासाठी. तो ठेवू की पुसून टाकू, ते कळव.

बाबा


१४ सप्टेंबर

प्रिय विद्यार्थिनी,

पत्र लिहायची मला सवय नाही. पण तू फोनवर रडायला लागतेस, म्हणून लिहितो.

तू सांगितल्याप्रमाणे रायफल उघडून तपासली. तुझा प्रश्न होता, बाबांनी इतके दिवस रिकामी ओढून पिन खराब केली का, चाचणीला चालेल का. चालेल. पिन ठणठणीत. नळीची कड शाबूत. तुझ्या हातात असताना होती त्याहून स्वच्छ आहे म्हण हवं तर. तू तेल जास्त घालतेस, हे मी तुला पूर्वीही सांगितलं आहे.

आत एक पुंगळी होती. सोबत पाठवतोय. भिंग असेल तर बघ, नसेल तर नुसती बघ. कडेवर सगळीकडे ठोके आहेत. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, एकावर एक कुठेही नाही. जन्मभर नेमबाजी शिकवली, पण पुंगळीवर अशी टीप मारलेली पाहिली नाही. घरी टेबलावर वाटीभर अशा पुंगळ्या होत्या, सगळ्या अशाच. डोकं फिरलेला माणूस एवढं जपून काम करत नाही. निदान माझे विद्यार्थी तरी डोकं ठिकाणावर असताना करत नाहीत.

आणखी एक. मी गेलो तेव्हा ते बसलेलेच होते. नेम धरत नव्हते. नेमाला गाल पुढे असतो, नजर साखळीत असल्यासारखी ठिपक्याला बांधलेली असते. यांचे डोळे मिटलेले. दस्ता जबड्यावर घट्ट दाबलेला, कानाच्या खालच्या बाजूला. का, ते मी विचारलं नाही. पाटी दिसली होती, खडूही होता. विचारायला हवं होतं. रायफल माझ्या हातात देताना त्यांचा हात लवकर सुटला नाही, म्हणून मी चहाला थांबलो नाही.

तुझे सर


१९ सप्टेंबर

बाबा,

पुंगळी समोर ठेवून बसले आहे. सरांनी पाठवली.

जूनमध्ये मी तुम्हाला गिरणीतल्या फिटरची गंमत लिहिली होती. लांब स्क्रूड्रायव्हर, एक टोक मशीनवर, दुसरं जबड्यावर. त्यानंतरच्याच पत्रात तुम्ही खटक्याचं विचारलंत. ते पत्र मी आज पुन्हा काढून वाचलं, फिटर आणि खटका एकाच पानावर आहेत. मी उत्तरात पिन लिहिली, पितळ लिहिलं, पोलाद लिहिलं. तुम्ही का विचारताय ते तेवढं विचारलं नाही.

बाबा, तुम्ही ऐकत होतात का?

ठिपका पुसू नका.

तुमची मुलगी


२७ सप्टेंबर

चि. मुलीस आशीर्वाद.

हो.

आता तू विचारलंसच तर सगळं लिहितो. तुझ्या फिटरचं वाचलं त्याच दिवशी मोठी कात्री घेतली, टोक मशीनच्या डोक्यावर टेकवलं, मूठ जबड्याला लावली आणि पायटा मारला. ऐकू आलं. इतक्या वर्षांनी. पण मशीनचा आवाज मला पाठ आहे, त्यात नवीन काय! मग घरात आणखी कशाकशाचे आवाज आहेत ते शोधत हिंडलो. नळाला कात्री लावली. दाराला लावली. घड्याळाला लावली तर काच तडकली. ती बदलून घेतली, तुला कळलं नसतं.

रविवारी फडकं मारायला रायफल काढली. तुझा गाल टेकून टेकून दस्त्यावर एक जागा गुळगुळीत झाली आहे. तिथे जबडा लावला, भिंतीकडे धरली आणि खटका ओढला.

तू चार वर्षं रोज संध्याकाळी तो ओढायचीस. मी बटणाकडे बघायचो. कान तेव्हाच गेलेले, त्यामुळे तो आवाज कसा असतो ते मला कधी माहीतच नव्हतं. मला वाटायचं, दार आपटल्यासारखा असेल. तसा नाही. आधी काहीतरी बारीक सुटतं, ताणलेला दोरा दातानं तोडल्यासारखं. मग टक्. आणि मग लाकडात थोडा वेळ राहतो. एवढा सुबक आवाज रोज माझ्या समोर होत होता आणि मी आपला 'शिवलं, उसवलं' करत होतो.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता पुन्हा बसलो. मग रोजचंच झालं. आवाज झाला की वाटायचं, तू पलीकडे आहेस, आता बोल्ट उघडशील. अंधार पडायचा, पण दिवा लावायचं सुचायचं नाही. ऐकायला दिवा कशाला लागतो? रायफल खराब होईल ही एक धास्ती होती, म्हणून तुला विचारलं. माझ्या नावावर विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाबा, एकटे पडलात का? त्यापेक्षा गिऱ्हाईक बरं. गणवेशांचंही त्यातलंच.

काकूंना काय वाटलं असेल ते आता कळतं. तुला काय वाटलं तेही कळतं. तू ते कागदावर लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही. पण तसं काही नव्हतं. त्याच्या उलट होतं.

रायफल नेल्यावर कात्री घेऊन बसून पाहिलं. तिच्यात तू नाहीस.

परवाना आला की रायफल घेऊन जा. ती तुझी आहे, चाचणी तुझी आहे. माझ्यासाठी मागे ठेवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. दुसऱ्याच्या मापाचं अंगात घालून मिरवायची मला सवय नाही.

बाबा


४ ऑक्टोबर

बाबा, नमस्कार.

परवाना आला. आणि मागे ठेवायचा विचार मनात आला होता, तुम्ही बरोबर ओळखलंत. क्लबाची दुसरी रायफल वापरेन, असं सरांना म्हणालेही. ते म्हणाले, "तुझे बाबा तुझ्यापेक्षा शहाणे आहेत, त्यांचं ऐक."

पुढच्या शुक्रवारी येते. तीन दिवसांची सुटी मिळाली आहे. साहेब म्हणाले, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, वडिलांशी बोलायचं आहे. ते म्हणाले, "फोन नाही का?" मी म्हटलं, नाही.

येताना सरांकडून रायफल घेऊन घरी येईन. संध्याकाळी सहाला तुम्ही जबडा दस्त्याला लावा, या वेळी बटण मी ठेवते. तुमचा हात हलतो की नाही ते मला बघू दे.

आणि तुमची कापड मोजायची लाकडी पट्टी घासून पुसून ठेवा. ती लांब, सागवानी. आवाज हाडातून जातो हे मी परीक्षेत लिहून आले होते, गुणही मिळाले होते. घरी एकदाही वापरलं नाही. ती पट्टी दस्त्यापेक्षा वाईट नसावी. एक टोक तुमच्या कानामागच्या हाडाला लावू. दुसरं माझ्या गळ्याला.

मग मी बोलेन. चाललं नाही तर नाही. काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

तुमची मुलगी


२९ ऑक्टोबर

चि. इन्स्पेक्टरबाईंना आशीर्वाद.

तू गेल्यापासून रोज लिहायला बसलो आणि उठलो. आज लिहितो.

बटण पडलं, हे मान्य. पहिल्याच खटक्याला पडलं. पण ते तू ठेवलंच वाकडं होतंस. दुसऱ्याला नाही पडलं, तेव्हा तू "शिवलं" म्हणालीस असं ओठांवरून कळलं.

पट्टीचं आता सांगतो. तेव्हा मी उठून आत गेलो आणि मशीनवर विनाकारण तेल सोडत बसलो. तू दारात उभी होतीस, घाबरली असशील. पहिलं वाक्य तू "बाबा, ऐकू येतंय का?" असं बोललीस आणि मी "ओरडू नकोस" म्हणालो, इथपर्यंत ठीक होतं. नंतर तू खोलीचं सांगितलंस, गिरणीचं, चिंधीचं. शब्द सगळे कळले असं नाही. अर्धे कळले. पण मी शब्दांकडे बघतच नव्हतो.

माझे कान गेले तेव्हा तू शाळेत होतीस. त्यानंतर तू जे काही बोललीस, भांडलीस, पाढे म्हणालीस, पदवी मिळाल्याचं अंगणात ओरडून सांगितलंस, ते सगळं मी मनात त्या शाळकरी पोरीच्या आवाजात ऐकत आलो. तुझी पत्रंसुद्धा. बारीक आवाज, शेवटचा शब्द गिळायची सवय. तोच आवाज जपून ठेवला होता, पुसट होत चालला होता तरी. खटक्यापाशीही त्यालाच शोधत असणार मी.

आणि पट्टीतून एक मोठी बाई बोलली. खालचा आवाज, तुझ्या आईसारखा, पण तिच्याहून ठाम. ही कोण, असं क्षणभर वाटलं. मी तिला ओळखत नव्हतो. एवढी मोठी झालीस आणि माझ्या घरात झालीस, आणि मला पत्ता नाही. म्हणून उठून गेलो. दुसरं काही नाही.

रायफल नेलीस ते बरं केलंस. दस्त्यावर आता माझीही जागा पडली असेल, तिच्यावर गाल ठेवू नकोस, नेम चुकेल. पुंगळ्यांची वाटी ठेवून गेलीस, ती बटणांच्या डब्याशेजारी ठेवली आहे. गिऱ्हाइकं विचारतात हे काय, मी पाटीवर लिहितो, 'मुलीचं काम'. सहा वाजता दिवा लावतो. घर पहिल्यासारखंच गप्प आहे. ते तू पट्टीनं कसं बदलशील, आणि मी कात्रीनं कसं बदलीन?

पट्टी खिळ्याला टांगली आहे. मोजायला दुसरी आणली.

एक मात्र झालं. काल तुझी जुनी पत्रं काढून वाचली. जूनपासूनची सगळी. शाळकरी पोरीचा आवाज आला नाही. त्याच बाईचा आला. आधी परकं वाटलं, मग ओळख व्हायला लागली. पण पत्रं लवकर संपतात.

जरा मोठी लिहीत जा.

बाबा